आईचे अकरा फॉर्म

"फॉर्ममध्ये नको विचारूस. तोंडावर विचार."

हे मला आमच्या तेलबाई म्हणाल्या होत्या. केंद्राच्या जिन्यात, माझा दंड धरून.

मी हसले होते.

म्हणून तिथूनच सुरुवात करते.

यातलं काहीही मी रचलेलं नाही. अशा कथा मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. मुलीला मांडीवर घेऊन, एका हातात मोबाईल धरून. खाली "उगाच काहीतरी" असं लिहिणाऱ्यांतली मीच एक. त्यामुळे तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. म्हणा. फक्त शेवटपर्यंत वाचा.

आणि रात्रबित्र नव्हती. ओसाड बंगला नव्हता की कुत्रं रडत नव्हतं. बुधवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. ऑफिसात सगळे दिवे चालू होते आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी कुरुमकुरुम बिस्किटं खात होतं.

मी एका उपचार केंद्रात काम करते. मोठ्या दुखण्यातून उठलेली माणसं आमच्याकडे येतात. कॅन्सरचं ऑपरेशन झालेली, औषधांनी गळून गेलेली. वरच्या मजल्यावर डॉक्टर. खालच्या मजल्यावर सुया टोचणारे, मालीश करणाऱ्या बाई, श्वासाचे व्यायाम घेणारे. मधल्या मजल्यावर आमचं ऑफिस. पाटीवर 'एकात्मिक उपचार' असं लिहिलंय. माझी आई म्हणायची, "म्हणजे सगळ्यांचंच थोडं थोडं. गुण कुणाचा आला ते कळायलाच नको!"

ते कळावं म्हणूनच तर माझी नोकरी.

दर बुधवारी चार वाजता प्रत्येक पेशंटच्या मोबाईलवर एक फॉर्म जातो. चार प्रश्न. दुखणं किती, झोपेचा त्रास किती, थकवा किती, उदास किती. शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. शेवटी एक रिकामी चौकट... 'आणखी काही सांगायचं आहे?'

माझ्या स्क्रीनवर प्रत्येक पेशंटची एक ओळ असते. फॉर्म भरला की ओळ हिरवी. नाही भरला तर करडी. दुखणं सहाच्या वर गेलं की लाल, आणि त्याच क्षणी वर डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर घंटा वाजते. मग त्या पेशंटला बोलावणं, तपासण्या, सगळी धावपळ.

सुरुवातीला लोक कंटाळायचे. "अहो, तेच तेच काय विचारता?" म्हणून मीच एक सूचना केली. फॉर्मच्या वर एक बटण टाका. 'मागच्याप्रमाणेच'. ते दाबलं की मागच्या आठवड्याचे आकडे आपोआप भरले जातात.

सूचना एकदम हिट झाली. भरलेल्या फॉर्मचं प्रमाण एकसष्ट टक्क्यांवरून चौऱ्याण्णववर गेलं. मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. केकसुद्धा आला होता.

त्या बटणाचा आता मला आवाज ऐकू येतो. त्याला आवाज नाही, तरी.

आईचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली होती. ती बरी झाली होती. फक्त पाठ दुखायची, म्हणून मीच तिला आमच्या केंद्रात नाव घालायला लावलं. माझी आई शिवणकाम करायची. चाळीस वर्षं लोकांच्या कॉलरी, बाह्या, पँटींच्या उंच्या. उजव्या अंगठ्याला कायम निळा खडू लागलेला. पहिला फॉर्म आम्ही दोघींनी मिळून भरला, तिच्या शिलाई मशीनवर मोबाईल टेकवून.

"यात साडेचार कुठंय गं?"

"नाही आई. चार, नाहीतर पाच."

"असं कसं? अर्ध्या इंचानं माणसाच्या गळ्याला कॉलर काचते. दुखणं काय पुऱ्या आकड्यातच येतं होय?"

"आई, चार टाक. मला उशीर होतोय."

"बरं बाई, चार. आणि हे दहा म्हणजे?"

"म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही असं."

तिने खडू खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून हसली.

"मग दहा तू झालीस तेव्हा. ते एकदाच. दहा तुझं, ठमे. आता बाकीचं सगळं त्याच्या खालीच."

ठमी मीच. घरातलं नाव.

आई माझ्या मुलीला सांभाळायची. मुलगी साडेतीन वर्षांची. साखर दिसली की हजर होते, म्हणून मुंगी. मी ऑफिसात असायचे, तेव्हा आई मुंगीला बालवाडीतून आणायची आणि आमच्या घरी घेऊन यायची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही.

संध्याकाळी साडेसहाला मी पोचायचे, तेव्हा आईने चपला घातलेल्याच असायच्या. "भात लावलाय. औषध दिलंय. जाते मी." दोन मिनिटांत निघायची. उतरताना कठडा धरून सावकाश, पण मी कुठे बघत होते? मी तोवर मुंगीचं नाक पुसत असायचे.

मी तिला रोज भेटत होते. रोज! आणि तरी तिला जिना चढताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

तेलबाईंनी मला गाठलं ते त्याच दिवसांत.

तेलबाई म्हणजे आमच्याकडच्या मालीशवाल्या. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर. तीस वर्षं माणसांच्या पाठी चोळतायत. कॉम्प्युटरचं त्यांना वावडं. माझ्या स्क्रीनला त्या 'तुझा रंगीत फळा' म्हणायच्या.

"तुझ्या आईची पाठ आज हाताला वेगळी लागली," त्या म्हणाल्या. "एका जागी हात ठेवला तर श्वासच धरला तिनं. मी विचारलं, तर म्हणते, काही नाही हो, तुमचा हात गार आहे. माझा हात कधी गार असतो का?"

"तेलबाई, फॉर्ममध्ये तर चार आहे. तीन महिने चारच आहे."

"फॉर्ममध्ये नको विचारूस. तोंडावर विचार."

"तुम्ही पण ना! तुमच्या हातापेक्षा आकडा बरा. आकड्याला गार-गरम नसतं."

त्या हसल्या नाहीत. हात पुसत खाली निघून गेल्या.

त्या आठवड्यात मुंगीचा कान फुटला. ताप, रडणं, डॉक्टर, रजा. बुधवारी चार वाजले आणि आईची ओळ करडी राहिली. मी फोन केला.

"आई, फॉर्म!"

"अगं, हिला भरवतेय. तूच टाक ना. मागच्यासारखंच."

तिचा पासवर्ड मीच करून दिला होता. मुंगीची जन्मतारीख. मी तिच्या नावाने आत शिरले. बटण दाबलं. ओळ हिरवी झाली.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

पुढच्या बुधवारी मी फोन केलाच नाही. सगळ्या करड्या ओळी निपटायच्या असायच्या, लोकांना फोन करायचे असायचे. आईची ओळ सगळ्यात सोपी. माझ्याच आईची ओळ करडी दिसली, तर बाकीच्यांना मी काय तोंडानं सांगणार? चार दहाला बोट आपोआप तिकडे जायचं. टिच. हिरवं.

असे अकरा बुधवार.

मध्ये एकदा मुंगी मला म्हणाली, "आई, आजी जिना माझ्यासारखी चढते!"

"तुझ्यासारखी म्हणजे?"

तिने दाखवलं. दोन्ही हात पायरीवर टेकवून, गुडघ्यावर. मग मध्येच बसून. मग पुन्हा.

मला वाटलं, आजी-नातीचा खेळ आहे. मी टाळ्या वाजवल्या.

हो. टाळ्या वाजवल्या.

अकराव्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. आई दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये पायरीवर बसली होती. उठता येत नव्हतं. पाय चालत नव्हते. मुंगी शेजारी गप्प बसलेली. तिने स्वतःचा एवढासा स्वेटर काढून आजीच्या मांडीवर घातला होता.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. मणक्यात पसरलं होतं. खूप.

"किती दिवसांपासून दुखत होतं?"

"चार," मी म्हणाले.

"चार दिवस?"

"नाही... चार. दहापैकी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते पाहणं मी अजून विसरलेले नाही.

एकोणीस दिवसांनी आई गेली. शेवटचे दिवस ती फारशी शुद्धीवर नव्हती. मला विचारायचं होतं, माफी मागायची होती. एकदाच डोळे उघडून म्हणाली, "मुंगीचा कान?" मी म्हटलं, बरा आहे. तिने मान हलवली. बस.

आमच्या केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरांना मी विचारलं, आधी कळलं असतं तर? ते टेबलावरचं पेन सरळ करत राहिले. "सांगता येत नाही," म्हणाले. "पाय वाचले असते कदाचित. काही महिनेही... सांगता येत नाही."

महिन्याने मी कामावर आले. माझ्या स्क्रीनवर आईची ओळ तशीच होती. पेशंट वारला की ओळ बंद करायची असते. दोन क्लिकचं काम. ते मला जमलं नाही. तिच्यापुढे दर बुधवारचा एक चौकोन, आणि त्यातले शेवटचे अकरा हिरवे. सगळे माझे.

पहिला बुधवार.

चार वाजले. फॉर्म गेले. ओळी एकेक करून हिरव्या व्हायला लागल्या.

चार वाजून दहा मिनिटं...

आईची ओळ हलली.

मला वाटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. पुन्हा पाहिलं. आजच्या तारखेचा चौकोन रिकामाच होता. पण मागचा, अकरातला पहिला, ज्यात मी चार भरले होते...

तो बदलला होता.

दुखणं : साडेपाच.

साडेपाच? आमच्या फॉर्ममध्ये साडे नाहीच!

मी वायरवाल्याला बोलावलं. वायरवाला म्हणजे आमचा कॉम्प्युटरचा माणूस, गळ्यात कायम एखादी वायर. तो वाकून बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला.

"ताई, हे होऊच शकत नाही. तिथे अर्धा आकडा टाकायची सोयच नाही."

"मग हा आला कुठून?"

"कुणाकडे पासवर्ड आहे?"

"माझ्याकडे. आणि..."

त्याने पुढे विचारलं नाही. पासवर्ड बदलून दिला आणि म्हणाला, "ताई, घरी जा. पाणी प्या."

घरी जाऊन मी कपाट उघडलं. आईचा मोबाईल तिच्या शिवणाच्या डब्यात होता. बंद. सिम कार्ड मी स्वतः काढलं होतं. बॅटरी कधीच संपलेली. मी तो पुसून, रुमालात गुंडाळून ठेवला होता.

रुमाल सोडला...

काचेवर निळा ठसा होता. खडूचा. अंगठ्याएवढा.

नवऱ्याला दाखवला. तो माझा नवरा आहे, वाईट माणूस नाही. त्याने मोबाईल हातात घेतला, ठसा पाहिला आणि हळूच म्हणाला, "अगं, डब्यात खडूच आहेत. लागला असेल." मग म्हणाला, "तू ठीक आहेस ना?"

"बरी आहे मी."

दुसरा बुधवार. चार दहा. दुसरा चौकोन.

दुखणं : पावणेसहा.

आणि खालच्या चौकटीत, जी आईने जिवंतपणी कधीच भरली नव्हती...

'मुंगीचा ताप उतरला का?'

मी तारीख पाहिली. त्या दिवशीही मुंगीला एकशे तीन ताप होता.

तिसरा बुधवार. मी एकटी बसले होते. हात मांडीखाली दाबून. चार दहाला चौकोन बदलला. दुखणं : साडेसहा. आणि ओळ... लाल झाली.

वरच्या मजल्यावर घंटा वाजली. मला खाली ऐकू आली.

मिनिटभराने फोन खणखणला. मोठे डॉक्टर. त्यांचा आवाज वेगळाच येत होता.

"अगं... माझ्याकडे एक सूचना आलीय. पेशंटला तातडीने बोलवा म्हणून. ही... ही तुझी आई ना?"

"हो."



मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

म्हणजे हे माझ्या एकटीच्या डोळ्यांना दिसत नव्हतं. आणि अजून एक गोष्ट त्या दिवशी मला कळली. तिसऱ्याच आठवड्यात घंटा वाजायची होती. आठ आठवडे आधी. तिला जिन्यावरून उचलून आणायच्या सत्तावन्न दिवस आधी.

मी तेलबाईंकडे गेले. त्या टॉवेल घड्या करत होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. टॉवेल बाजूला ठेवून माझ्या पाठीवर हात ठेवला. गरम होता.

"मी वर जाऊन डॉक्टरांना सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुला सांगितलं आणि वाटलं, झालं आपलं काम. मुलगीच आहे ना ती. मलाही रात्री तेच आठवतं."

"मी काय करू?"

"येऊ दे तिला. बोलतेय ना? इतके दिवस कुणी विचारलं नव्हतं."

वायरवाल्याने मात्र ओळच पुसून टाकली. माझ्या भल्यासाठी. स्क्रीनवरून आईचं नाव गेलं. पुढच्या बुधवारी चार दहाला...

ओळ परत जागेवर होती. 'दुखणं : सात'. त्यानंतर वायरवाला माझ्या टेबलाजवळून जायचा बंद झाला. लांबून वळसा घालून जातो.

खोटं सांगत नाही, पहिले तीन-चार बुधवार चार वाजूच नयेत असं वाटायचं. मग काय झालं कुणास ठाऊक. मी मंगळवारपासून वाट बघायला लागले.

'आज जिना बसून चढले. मुंगीला गंमत वाटली. बरं झालं.'

'तेलबाईंच्या हातानं दोन तास बरं वाटतं. त्यांना ओरडू नकोस.'

'सव्वाआठ. बाहीचा टाका दिसत नाही डोळ्यापुढे. गिऱ्हाइकाला परत पाठवलं.'

'तू दमून येतेस. तुला काय सांगू?'

दर बुधवारी एक. प्रत्येक तारखेला मी काय करत होते, ते मी माझ्या मोबाईलमध्ये शोधायचे. मीटिंग. मीटिंग. मुंगीचं औषध. आणि एका तारखेला... केकबरोबरचा माझा फोटो.

त्या दिवशी आई पावणेनऊवर होती.

घरीही काहीतरी बदललं होतं. मुंगी आता पाळणाघरातून माझ्याबरोबर येते. जिना चढताना दुसऱ्या मजल्यापर्यंत पळते. पण वरच्या वळणावर आली की...

थांबते. पायरीवर बसते.

"काय झालं गं?"

"थांब ना. दमलीये."

"तू दमलीस?"

ती मान हलवते. नाही. आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून बसून राहते. थोड्या वेळाने स्वतःच उठते आणि म्हणते, "चला."

'चला.' कुणाला, ते मी विचारलेलं नाही.

दहा बुधवार झाले. एकच चौकोन राहिला. मला भीती कशाची होती सांगू? तो येईल याची नाही. तो येऊन गेल्यावर पुढे काहीच येणार नाही याची.

अकरावा बुधवार. मी सकाळपासून जेवले नव्हते. तेलबाई न बोलावता वर आल्या आणि माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या रंगीत फळ्याकडे नीट पाहिलं.

चार वाजून दहा मिनिटं...

दुखणं : पावणेदहा.

खाली चौकटीत एकच ओळ.

'दहा नाही. दहा तुझं, ठमे.'

हे वाक्य जगात दोघींनाच माहीत होतं. मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. तेलबाईंनी माझं डोकं पोटाशी धरलं. मी ऑफिसात, सगळ्यांसमोर, लहान मुलासारखी रडले. बिस्किटंवालासुद्धा खायचा थांबला.

त्यानंतर मी ओळ बंद केली. दोन क्लिक. या वेळी ती बंदच राहिली.

इथे कथा संपली असती, तर मी ती लिहिलीच नसती. आईची आणि माझी गोष्ट, आमच्यापाशी राहिली असती.

बारावा बुधवार. मी ठरवून स्क्रीनकडे पाहिलं नाही. चार दहा झाले. चार अकरा. मी सुटकेचा श्वास सोडला, की निराशेचा, मलाही सांगता येणार नाही.

तेवढ्यात माझा मोबाईल थरथरला...

'आपला फॉर्म मिळाला. धन्यवाद.'

माझा? मी पेशंट नाही. मला फॉर्म येतच नाही.

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी फॉर्म चालतो का ते बघायला मी माझ्याच नावाने एक खोटी ओळ उघडली होती. सगळीकडे शून्य भरून सोडून दिली होती. ती अगदी तळाशी पडून होती. खाली खाली सरकवत गेले.

ओळ भरलेली होती.

उदास : साडेनऊ. झोपेचा त्रास : साडेआठ. थकवा : आठ.

बरोबर होतं. सगळं अगदी बरोबर. त्याच दिवशी सकाळी नवऱ्याने विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, बरी आहे.

आणि सगळ्यात वर...

दुखणं : साडेतीन.

मला क्षणभर कळलंच नाही. मला कुठे काय दुखतंय? मग हात आपोआप डावीकडे गेला. काखेच्या खाली. महिना झाला असेल, तिथे दुखतंय. मुंगीला उचलून घेते ना, म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगत होते. कुणाला बोलले नव्हते. स्वतःलाही धड नाही.

चौकट रिकामी होती. फक्त फॉर्मच्या वर, जिथे ते 'मागच्याप्रमाणेच' बटण असतं, तिथे... काहीच नव्हतं. बाकी सगळ्यांच्या फॉर्मवर ते आहे. माझ्याच फॉर्मवर नाही.

वायरवाला म्हणतो, एका माणसासाठी बटण काढता येत नाही.

ही गोष्ट दोन आठवड्यांपूर्वीची. पुढच्या बुधवारी पावणेचार आलं. कालच्या बुधवारी सव्वाचार. काल संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं दाखवलं. या वेळी तो खडूबद्दल काही बोलला नाही. आज सकाळी आम्ही जाऊन तपासणी करून आलो. रिपोर्ट सोमवारी. तेलबाई म्हणाल्या, मी पण येते. डॉक्टरांसमोर मी बसते.

काय निघेल, माहीत नाही. आई कशासाठी येते आहे, तेही कळत नाही. मला वाचवायला, की तिला जे विचारलं गेलं नाही ते मला विचारायला. मी हे लिहितेय तेव्हा मुंगी शेजारी झोपली आहे, आणि तिच्या उजव्या अंगठ्याला निळं काहीतरी लागलंय. शिवणाचा डबा वरच्या फळीवर आहे. तिचा हात तिथे पोचत नाही.

मी तो अंगठा पुसलेला नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमचंही कुणीतरी असेल. आई, मावशी, आत्या, सासूबाई, कुणीही. फोनवर "बरी आहे गं" म्हणणारी. मेसेजला अंगठा दाखवणारी. आज तिला फोन करू नका.

जा.

काहीतरी निमित्त काढा आणि तिला जिना चढायला लावा. आणि तुम्ही पुढे जाऊ नका.

मागे राहा. बघा.